खोक्यातले तास

बेरजेच्या दिवशी या घरात कुणी कुणाशी भांडायचं नाही, असा कॅप्टनचा नियम होता आणि तो आजवर एकदाही पाळला गेला नव्हता. त्या वर्षी तर वह्या टेबलावर यायच्या आधीच मास्तर आणि टिटवी, बाप-लेक, एकमेकांशी बोलायचे थांबले होते.

कॅप्टननी पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं, त्या तारखेला दरवर्षी सगळे उड्डाणशाळेच्या वर्गात जमायचे. ज्याने त्याने आपली उड्डाणाची वही आणायची, चिठ्ठ्या टाकून दुसऱ्या कुणाची तरी घ्यायची, बेरजा तपासायच्या आणि शेवटी उभं राहून त्या माणसाचे एकूण तास मोठ्याने वाचायचे. बाहेरच्या माणसाला हे वेड्यांचं घर वाटलं असतं. घरातल्यांनाही अधूनमधून वाटायचं, पण म्हणायची सोय नव्हती. कॅप्टन, म्हणजे मास्तरांचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि त्यांना अजून सगळं ऐकू यायचं.

भांडण एका चौकटीवरून होतं. विमान कंपनीत सहवैमानिकांच्या सहा जागा निघाल्या होत्या. अर्ज त्याच दिवशी पाच वाजता बंद होणार होते आणि पुढची भरती कधी, ते कंपनीलाही माहीत नव्हतं. अर्जात चौकट होती : एकूण तास, किमान पंधराशे. टिटवीचे हवेतले तास होते चौदाशे अडतीस. उरलेले बासष्ट ती रोज सहा-सहा तास उडून भरून काढणार होती, पण धुक्याने असं ठाण मांडलं, की अकरा दिवस धावपट्टीचं दुसरं टोक कुणाला दिसलं नाही. अकरा दिवस ती विमानांच्या शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. बाराव्या दिवशी सकाळी तिने सिम्युलेटरमधले सदुसष्ट तास हवेतल्या तासांत मिळवले, चौकटीत पंधराशे पाच लिहिले आणि अर्ज सहीसाठी बापापुढे ठेवला.

मास्तर शाळेचे मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या सहीशिवाय अर्जाला किंमत नव्हती. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे खोडून आण."

टिटवीने नियमपुस्तक आणून आदळलं. पुस्तकात दोन्ही बाजूंना पाय पसरता येतील एवढी जागा होती. सिम्युलेटरचे तास वहीत नोंदवावेत, अमुक परवान्यासाठी धरावेत, तमुक सरावासाठी धरावेत, असं सगळं होतं. एकूण तासांत धरावेत की नाही, हे विचारलं की पुस्तक गप्प. मास्तर मात्र गप्प नव्हते. कंपनीतली तीस वर्षांची नोकरी सोडून त्यांनी शाळा हाती घेतली, त्या दिवसापासून इथे सिम्युलेटरचे तास हिरव्या शाईने वेगळ्या रकान्यात लिहायचे आणि बेरजेत धरायचे नाहीत, असा दंडक होता. लेकीसाठी तो मोडला, तर उद्या शाळेतली सगळी पोरं रांगेत उभी राहतील, असं त्यांचं म्हणणं. लेकीसाठी म्हणून मोडू नका, बरोबर आहे म्हणून मोडा, असं लेकीचं. दोघंही एकाच मुशीतून निघालेले, त्यामुळे मागे कोण हटणार हा प्रश्नच नव्हता.

दुपारी अडीचला सगळे वर्गात बसले तेव्हा फळ्यावर कालच्या तासाची आकृती तशीच होती आणि खिडकीच्या काचेला पांढरं काही तरी चिकटवल्यासारखं धुकं. आत्याने आल्या आल्या भाचीच्या शेजारची खुर्ची ओढली आणि आपण कोणाच्या बाजूने ते जाहीर करून टाकलं.

आत्या बावन्न वर्षांची होती आणि भाऊ तिला अजून छोटी म्हणायचा. एकोणतिसाव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्याने दगा दिला, डॉक्टरांनी वैद्यकीय दाखला नाकारला आणि तिचं उडणं संपलं. तेव्हापासून ती शाळेचा सिम्युलेटर चालवत होती. मागच्या शेडमधल्या त्या अंधाऱ्या डब्यात तिने नऊ हजारांवर तास काढले होते, दोन पिढ्यांचे वैमानिक तिच्या हाताखालून गेले होते, आणि बेरजेच्या दिवशी तिच्या नावापुढे दरवर्षी अकराशे बारा वाचले जायचे. तेवीस वर्षं तोच आकडा. चिठ्ठीत तिची वही आली, की सगळ्यांना बरं वाटायचं, कारण तपासायला काही नसायचं. आत्या स्वतःही त्यावर हसायची. हसून झालं, की थोडा वेळ ती कुणाकडे बघायची नाही, हे टिटवीखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "हिच्या चौदाशेतले नऊशे तास शेजारी नवखं पोर बसवून याच मैदानाभोवती गरगर फिरण्यात गेलेत. ऊन पडलेलं, वारा निजलेला. ते तू धरतोस. माझ्याकडे हिने सदुसष्ट तासांत एकोणीस वेळा जमीन सोडता सोडता इंजिन गेलेलं पाहिलंय. ते धरत नाहीस."

"तुझ्याकडे मेलेला माणूस उठून चहा प्यायला जातो, छोटी."

"म्हणून त्याला घाम फुटत नाही?"

"फुटतो. आणि फारच फुटला, तर तू बटण दाबून सगळं थांबवतेस." मास्तरांचा आवाज चढला नव्हता, ते चिडले की आवाज उतरायचा. "एकूण तास म्हणजे कोण किती शिकलं ते नव्हे. थांबवायचं बटण नव्हतं अशा जागी माणूस किती वेळ बसला, तेवढंच त्यात लिहायचं. शिकली ती तुझ्याकडेच, माझ्यापेक्षा जास्त शिकली, मी मान्य करतो. पण त्या चौकटीत ते विचारलेलं नाही."

हे टिटवीला झोंबलं, कारण ते तिला अर्धं पटलं होतं. पटलेल्या अर्ध्याचा राग तिने उरलेल्या अर्ध्यावर काढला. अकरा दिवस धुकं पडलं, हा तिचा गुन्हा होता का, असं तिने विचारलं. अठ्ठावीस वर्षांची झाले, या शाळेतून माझ्या हाताखालची चौघं कंपनीत लागली आणि मी अजून त्यांना निरोपाचे केक कापते, असंही सुनावलं. 

तेव्हा आई बोलली. ती सव्वीस वर्षं टॉवरवर होती, विमानांना उतर, थांब, वर जा, असं सांगण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे ती कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची आणि समोरच्याने ती परत म्हणून दाखवावी अशी अपेक्षा ठेवायची. "पाचला अर्ज बंद. आत्ता दोन चाळीस. आधी वह्या," ती म्हणाली.

"आधी वह्या," मास्तर सवयीने म्हणाले.

चिठ्ठीत टिटवीला बापाचीच वही आली. कॅप्टन खूश झाले, त्यांना असले योगायोग आवडायचे. खरं तर फक्त सरलेल्या वर्षाची पानं तपासायची पद्धत होती, मागचं सगळं त्या त्या वर्षी तपासून झालेलं. पण टिटवी उठली, कपाटाकडे गेली आणि बापाच्या अकराच्या अकरा वह्या छातीशी धरून घेऊन आली. नियमांवर इतकं प्रेम असलेल्या माणसाची एखादी चूक तिला हवी होती, हातच्याची, बेरजेची, कसलीही. तिने पहिली वही उघडली.

मास्तर कॅप्टनची वही पुढ्यात घेऊन बसले होते. तीत गेली नऊ वर्षं एकही नोंद नव्हती, तरी ते एकेका ओळीवरून बोट फिरवत राहिले. पोरगी पान उलटायची आणि त्यांना तो आवाज नेमका ऐकू यायचा. पस्तीस वर्षं त्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती, असं म्हणणं खोटं ठरेल. पहिली पाच-सात वर्षं पाहिली, पुढे विसरले, आणि विसरले म्हणूनच इतके कडक झाले. माणसं अशीच असतात, ज्या फटीतून स्वतः आत आली तीच आधी बुजवतात. आता उठून पोरीच्या हातातून वही काढून घ्यावी, काही तरी निमित्त सांगावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ते जागचे हलले नाहीत.

"कॅप्टन," टिटवीने विचारलं, "खोकं नावाचं विमान कुठलं?"

पहिल्या वहीच्या मधल्या तीन पानांवर, जिथे विमानाचा क्रमांक लिहायचा त्या रकान्यात, ओळीमागून ओळ एकच शब्द होता. अक्षर कॅप्टनचं. खाली बेरीज, एक्केचाळीस तास. ती बेरीज पुढच्या पानावर गेली होती, तिथून त्याच्या पुढच्या.

कॅप्टन मनापासून हसले. त्या वर्षी इंधन मिळेना, चार महिने शाळेला टाळं लागलं, पोरगं एकोणीस वर्षांचं आणि हातावर हात धरून बसलेलं, हे त्यांनी रंगवून सांगितलं. मग त्यांनी गॅरेजमध्ये माल भरून आलेल्या लाकडी खोक्यांची विमानाएवढी केबिन केली, मोडीत निघालेल्या विमानाची यंत्रं आत बसवली, वरून काळं कापड टाकलं. पोरगा दोन-दोन तास आत बसून न दिसणाऱ्या धावपट्टीवर उतरायचा आणि बाहेर यायचा तेव्हा शर्ट पिळून काढावा लागायचा. हे उडणं नाही तर काय? मी शाळेचा मालक, मीच परीक्षक. मी उडणं म्हणून लिहिलं, आणि त्या वर्षी बेरीजही मीच तपासली.

"आणि ते खोकं हलवत कोण होतं?" आत्या म्हणाली. तिने हे इतक्या हळू विचारलं, की कॅप्टनचं हसू अर्ध्यावर राहिलं. "मी, खोक्याखाली फळी सरकवून. दादा उजवीकडे वळला, की डावी बाजू मी उचलायचे. वारा मी, धक्के मी, टॉवरचा आवाजही मीच काढायचे. एक्केचाळीस तास मी तिथे उभी होते. त्यातलं एक मिनिट माझ्या वहीत नाही."

"तू चौदा वर्षांची होतीस. तुला वही कुठे होती?" कॅप्टन म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं, तिला काय लागलं ते.

टिटवीचं लक्ष मात्र आकड्यांवर होतं. तिने दुसरी वही ओढली, कंपनीत रुजू झाल्याची तारीख शोधली, तिच्या आदल्या पानाचा एकूण आकडा पाहिला. एक हजार बारा. तिने कागदावर वजाबाकी केली, तशी गरज नव्हती तरी केली.

"बाबा, कंपनीने तेव्हा किमान किती मागितले होते?"

"हजार."

"तुमचे नऊशे एकाहत्तर होते."

"हो."

 आईने हातातली पेन्सिल खाली ठेवली. तिने या माणसाची विमानं शेकडो वेळा उतरवली होती, त्याच्याशी लग्न केलं होतं, आणि ही गोष्ट तिला आत्ता, सगळ्यांबरोबर कळत होती. मास्तर तिच्याकडे न बघता बोलले. आपल्याला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही, वडिलांनी लिहिलं ते बरोबरच असणार असं धरून चाललो, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका परीक्षकाशी बोलताना कळलं, की असले तास उडण्यात धरत नाहीत. तोवर दोन वह्या भरल्या होत्या.

"मागच्या पानावरून पुढे, त्याच्या मागच्या पानावरून पुढे," ते म्हणाले. "एका ठिकाणी खोडलं, तर सगळीकडे खोडावं लागलं असतं. नोकरीही सोडावी लागली असती. मी नाही खोडलं."

यानंतर सगळ्या बाजू फिरल्या. कॅप्टनना सोक्षमोक्ष लागल्यासारखं वाटलं. मी लिहिलं, हा तीस वर्षं उडाला, आभाळ कोसळलं का? मग कर सही, असं त्यांनी मुलाला फर्मावलं. आत्याने अर्ज उचलून भावापुढे सरकवला. तिचा राग गेला नव्हता, पण सदुसष्ट तास मोजले जाणार याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. साडेतीन वाजले होते.

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. "आण. करतो," ते म्हणाले.

सकाळपासून टिटवीला हेच हवं होतं. आणि आता बापाचं पेन कागदाला टेकतंय हे पाहून तिने झडप घालून अर्ज ओढून घेतला. तिने असं का केलं, हे तिला स्वतःलाही लगेच सांगता आलं नसतं. आत्या तर थक्क झाली.

"पकडले गेलात म्हणून सही नकोय मला," टिटवी म्हणाली. "ही सही घेऊन मी लागेन. मग पुढची तीस वर्षं माझ्या वहीला कुणाला हात लावू देणार नाही. आणि तुमच्यासारखी कडक होत जाईन."

हे मर्यादा सोडून होतं आणि खरंही होतं. 

तिने पंधराशे पाचवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, चौदाशे अडतीस. आत्याचा चेहरा पडला. म्हणजे माझ्याकडचे तास पुन्हा फुकट, दादाचंच खरं, असं ती म्हणायच्या आत टिटवीने अर्जाच्या तळाशी, जिथे काहीच लिहायची जागा नव्हती तिथे, स्वच्छ अक्षरात लिहिलं : सिम्युलेटरमध्ये सदुसष्ट, वेगळे. मग अर्ज आत्यापुढे ठेवला.

"याच्यावर तुझी सही," ती म्हणाली. "बाबांची वर, तुझी खाली. शिकवलंस तू, तर सही दुसऱ्या कुणाची कशाला?"

नऊ हजार तासांत आत्याची सही कुणी कुठल्या अर्जावर मागितली नव्हती. पोरांचे कागद भावाच्या सहीने जायचे. तिने पेन हातात घेतलं आणि आधी कोऱ्या कागदावर एकदा सही करून पाहिली. मग अर्जावर केली. जरा मोठीच झाली. मास्तरांनी वरच्या आकड्यावर केली. करता करता त्यांनी एवढंच सांगितलं, की कंपनी हा अर्ज ठेवून घेणार नाही. टिटवी म्हणाली, ठाऊक आहे.

अर्ज चार वाजून दहा मिनिटांनी स्कॅन होऊन संगणकावरून गेला. उत्तर चार एकोणीसला आलं. नऊ मिनिटांत कुणी माणसाने तो वाचला असणं शक्य नव्हतं, यंत्राने चौकटीतला आकडा पाहिला आणि बाहेर फेकला. किमान तास पूर्ण नाहीत, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

कॅप्टन म्हणाले, पाहिलंस? आत्या म्हणाली, आता तरी बोलू नका, आणि कॅप्टन गप्प बसले, हे त्या दिवसातलं आश्चर्यच होतं. टिटवी रडली नाही. तिचे कान लाल झाले. तिने वर्गातल्या टेबलावरचा फोन पुढे ओढला. "नाकारायचं तर माणसाने नाकारावं," ती म्हणाली. "मला त्याचा आवाज ऐकायचाय." कंपनीच्या मुख्य वैमानिकाच्या कचेरीचा नंबर शोधायला ती फोनच्या डायरीची पानं उलटू लागली.

मास्तरांनी नंबर पाठ म्हणून दाखवला. तिने फिरवला. पलीकडे घंटा वाजली, कुणी तरी उचलला, तिने नाव सांगितलं, अर्जाचा क्रमांक सांगितला. निर्णय संगणकाचा असतो, आम्हाला त्यात हात घालता येत नाही, असं पलीकडचा माणूस सौम्यपणे सांगू लागला. ती मध्येच तोडून बोलणार, तेवढ्यात मास्तरांनी हात पुढे केला. ती फोन सोडेना. त्यांनी जबरदस्ती केली नाही, नुसता हात तसाच धरून ठेवला. शेवटी तिने दिला.

त्यांनी आपलं नाव सांगितलं. पलीकडचा आवाज बदलला, ओळख निघाली, सर कसे आहात, असं काही तरी झालं. मास्तरांनी ते पुढे जाऊ दिलं नाही.

"हिचे तास कमी आहेत, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "सिम्युलेटरचे धरा असं मी म्हणत नाही. मी मुख्य प्रशिक्षक आहे आणि मी ते धरलेले नाहीत. माझं दुसरंच काम आहे. छत्तीस वर्षांपूर्वी तुम्ही एका पोराला एक हजार बारा तासांवर घेतलंत. त्याने तुमची विमानं तीस वर्षं एक ओरखडा न येता उडवली, तुम्ही त्याला निरोपाला घड्याळ दिलंत. लिहून घ्या. त्यातले एक्केचाळीस तास तो गॅरेजमध्ये खोक्यात बसला होता, आणि त्याची बहीण ते खोकं हलवत होती. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगतोय. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण मी खोटा आकडा लिहून आत आलो, तेव्हा दार उघडं होतं. ही खरा लिहून आलीय, तर तुम्ही तिला यंत्राकडून हाकलता. आता बोला."

आई उठली. मघापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि आताही बोलली नाही. तिने हात लांब करून फोनचं बटण दाबलं, आवाज सगळ्या वर्गाला ऐकू येईल असा केला, आणि ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

पलीकडे कुणी तरी खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.